मदत हवी आहे: बायबलमधलं मत्तय 25:46 मुलीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, आम्ही खडकीचे. माझे आजोबा गेल्या महिन्यात वारले. माळकरी होते, बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. काल लेक संडे स्कूलहून आली नि विचारते, "पणजोबा आगीत आहेत का?" तव्यावरची पोळी करपली, उत्तर सुचलं नाही.

मत्तय 25:46 मध्ये शिक्षा सार्वकालिक, म्हणजे कायमची, नि जीवनही सार्वकालिक. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'आयोनिओस' हाच शब्द. मग एक कायमचं, दुसरं तात्पुरतं कसं म्हणायचं? उलट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 20:14 अग्नीच्या सरोवराला 'दुसरे मरण' म्हणतं. म्हणजे अखंड यातना की शेवट? आणि त्याच मत्तय 25 मध्ये निवाडा होतो तो भुकेल्याला जेवू घातलं का यावर. आजोबांच्या दारातून उपाशी कोणी गेला नाही हो!

पाळकसाहेब "प्रार्थना करा" एवढंच म्हणाले. कोणी नीट अभ्यास केलाय का? नऊ वर्षांच्या मुलीला कळेल असं सांगा.