वाजवून वाजवून इलेक्ट्रिक गिटारचा आवाज खरोखर बदलतो काय?

विचारणा (आर्वी, जि. वर्धा)
भीमजयंतीच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या आमच्या संचातील इलेक्ट्रिक गिटार बरीच वर्षे माझ्या हातात आहे. तिचा नेक, म्हणजे हातात धरायचा लांब दांडा, आता अगदी गुळगुळीत लागतो आणि आवाजातली धार जाऊन तो गोड झाल्यासारखा वाटतो. आमचे ज्येष्ठ वादक म्हणतात की वाजवण्याने लाकूड मुरते. ठोस लाकडाच्या गिटारलाही हे लागू पडते काय? शिवाय उन्हाळ्यात फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके बोटांना टोचतात आणि पावसाळ्यात टोचत नाहीत, असे का व्हावे?

उत्तर (यवतमाळ)
भाऊ, पोकळ गिटारीत लाकडाची पातळ फळी हवा हलवते, म्हणून तिच्याबाबत हा वाद निदान घालता तरी येतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेला पिकअप असतो, त्याच्यापुढे पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि तोच ॲम्प्लिफायरकडे जातो. त्यामुळे लाकूड मुरल्याने आवाज गोड झाला, हे मला पटत नाही. धार जाण्याचे पहिले कारण तारा. जाड तारांच्या पिळांत घाम आणि मळ साचतो, गंज चढतो आणि वरचे स्वरांश दबतात. नवा संच चढवा, म्हणजे त्या गोडव्यातला बराचसा भाग त्याच दिवशी नाहीसा होईल. फ्रेट सहसा तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात, तारेखाली त्यांना खड्डे पडतात आणि मग तार ओढताना खरखर जाणवते, क्वचित झणझणही ऐकू येते. नेकचे म्हणाल, तर मॅट पॉलिश तळहाताने घासून चकचकीत होते. हा बदल मात्र निखालस वाजवण्याचाच आहे.

उत्तर (अकोट, जि. अकोला)
टोचण्याचे कारण आपला उन्हाळा. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचे (ज्यात फ्रेट बसवलेले असतात त्या नेकवरच्या पट्टीचे) लाकूड रुंदीत आकसते, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोके बाहेर येतात. ती घासून घ्यायची असल्यास मे महिन्यातच घ्यावीत, कारण पावसाळ्यात लाकूड फुगले की ती आपोआप आत जातात. गिटार कूलरसमोर ठेवू नये; बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा आणि खोलीत ओलसर झोत, हे नेकला मानवत नाही. ऋतू बदलला की सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहावी. ती साधारण पाव मिलिमीटर असावी. फारच वेगळी असेल, तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली धातूची सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

विचारणाकर्त्याचे उत्तर
तारा बदलल्या आणि धार परत आली. ज्येष्ठांना ते अजून मान्य नाही! पहिल्या तीन फ्रेटवर खड्डे स्पष्ट दिसतात, तेव्हा ते सपाट करून घ्यावेत की सरळ नवे बसवावेत?

उत्तर (यवतमाळ)
खड्डे उथळ असतील आणि फ्रेटला पुरेशी उंची उरली असेल, तर सपाट करून पुन्हा गोलाई दिली की काम भागते. सर्व फ्रेट एकाच पातळीत आणावे लागतात, म्हणून हे घरी कानशीने करू नका.