स्पॉन्सियनची सोन्याची नाणी अस्सल आहेत असं माझं मत. तुमचं काय?

रानजाई:
१७१३ साली काही विचित्र रोमन सुवर्णनाणी व्हिएन्नाच्या राजसंग्रहात आली. ती ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रुमानियात) सापडल्याचं सांगितलं गेलं. संग्रह सांभाळणारे कार्ल गुस्ताफ हेरेउस यांनी खरेदीची नोंद करून ठेवली. काही नाण्यांवर गॉर्डियन तिसरा आणि फिलिप हे माहितीतले सम्राट होते, तर काहींवर 'स्पॉन्सियन'. या नावाचा सम्राट एकाही प्राचीन ग्रंथात नाही. हेन्री कोएन या फ्रेंच नाणेतज्ज्ञाने १८६८ मध्ये ही नाणी सरळ आधुनिक बनावट ठरवली आणि विषय मिटला.

तो पुन्हा उघडला २०२२ मध्ये. लंडनचे पॉल पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातली चार नाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. हजारो हातांतून फिरलेल्या नाण्यावर दिसते तशी बारीक झीज त्यांना दिसली. शिवाय पृष्ठभागावर मातीतली खनिजं सिलिकाने घट्ट चिकटलेली होती. म्हणजे नाणं आधी वापरात होतं आणि नंतर बराच काळ जमिनीत पडून होतं.

आता इतिहास बघा. इसवी सन २६० च्या सुमारास डाशिया (आजचा रुमानिया) चहूबाजूंनी शत्रूंनी वेढलेला, रोमशी संपर्क तुटलेला. तिथे सोन्याच्या खाणी होत्या, सैन्य होतं, पण सोन्याची टाकसाळ नव्हती. अशा वेळी एखाद्या सेनापतीने सत्ता हातात घेऊन, सैनिकांचे पगार भागवण्यासाठी जमेल तशी नाणी काढली, यात अशक्य काय आहे? ज्या माणसाने तो प्रांत सावरून धरला असेल, त्याचं नावच आपण बनावट म्हणून पुसून टाकलं आहे. मला हा अन्याय वाटतो.

तळटीप:
पूर्ण असहमत. मातीवर आणि ओरखड्यांवर एवढा भार टाकण्याआधी नाण्याकडे नाणं म्हणून बघायला हवं.

एक तर ही नाणी ओतीव आहेत. रोमन नाणी दोन ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून हातोड्याने पाडली जात. तुम्ही म्हणता टाकसाळ नव्हती. पण डाशियाच्या नावाची ब्राँझची नाणी फिलिपच्या काळापासून ठशांनीच पाडलेली आहेत. ठसे कोरणारे कारागीर त्या भागाला नवे नव्हते.

दुसरं, मागची बाजू. तिथलं स्तंभाचं चित्र इसवी सनपूर्व १३५ मधल्या, मिन्युसियस ऑगुरिनस याच्या चांदीच्या दिनारवरून जसंच्या तसं उचललंय. बंड करून उठलेला सेनापती सैनिकांना आपण कोण हे सांगण्यासाठी विजयाची देवता दाखवेल, सैन्याची निष्ठा दाखवेल. चारशे वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याच्या घराण्याचं स्मारक कशाला दाखवेल? उलट अठराव्या शतकातल्या बनावट करणाऱ्याच्या टेबलावर जुना दिनार असणं अगदी स्वाभाविक.

तिसरं, लेख. सम्राटाचं नाव षष्ठीत आहे, 'सम्राट स्पॉन्सियनचे' असं. त्या काळच्या रोमन सम्राटांच्या नाण्यांवर नाव प्रथमेत येतं.

सातवाहन:
तळटीप, दिनारचा मुद्दा उलट बाजूनेही वाचता येतो. रोमन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातले चांदीचे दिनार रुमानियात हजारोंनी सापडतात, आणि डाशियन लोक रोमन विजयाच्या आधीपासून त्यांच्या नकला करत होते. स्थानिक सोनाराला नमुना म्हणून असाच दिनार मिळाला असेल.

नावाचंही बघा. रोममध्ये अ‍ॅपियन रस्त्यावरच्या एका दफनगृहात 'स्पॉन्सियन' नाव असलेला शिलालेख सापडला, तो १७२० च्या दशकात. म्हणजे नाणी संग्रहात आल्यानंतर. १७१३ मधल्या लबाडाला हे नाव सुचलं कुठून?

तळटीप:
लॅटिनमध्ये कुठल्याही नावाला '-इयन' हा प्रत्यय लावून नवं नाव तयार होतं. 'स्पॉन्सस' हा शब्द शाळेत लॅटिन शिकलेल्या कुणालाही माहीत. योगायोग दुर्मीळ आहे, मान्य. पण अशक्य नाही.

माझी खरी तक्रार पिअरसन यांच्या प्रयोगाबद्दल आहे. तुलनेसाठी दोन अस्सल रोमन सुवर्णनाणी घेतली. अठराव्या शतकातली बनावट म्हणून सिद्ध झालेली नाणी का नाही घेतली? नाणं जुनाट दिसावं म्हणून घासणं, पुरणं हे त्या धंद्यातलं रोजचं काम. कार्ल बेकर हा १९ व्या शतकाच्या सुरुवातीचा कुप्रसिद्ध जर्मन बनावटकार. आपली नाणी लोखंडाच्या किसाबरोबर डबीत घालून तो ती घोडागाडीला बांधत असे, म्हणजे रस्त्यावरच्या धक्क्यांनी झीज आपोआप व्हावी. अशी एखादी झीज पिअरसन यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसेल, हे कळल्याशिवाय निष्कर्ष काढणं घाईचं आहे.

रानजाई:
घासण्याचं समजलं. पण सिलिकाने चिकटलेली माती? ती गाडीला बांधून येत नाही. आणि तज्ज्ञांचा नकार म्हणजे अंतिम शब्द नव्हे. दुसरा डोमिशियन या रोमन सम्राटाचं आठवा. १९०० साली फ्रान्समध्ये नांतजवळ त्याच्या नावाचं एक नाणं सापडलं, तेही बनावट म्हणून बाजूला पडलं. २००३ मध्ये इंग्लंडमध्ये चाल्ग्रोव्हला सुमारे पाच हजार नाण्यांच्या साठ्यात, मडक्यात एकमेकांना चिकटून बसलेल्या नाण्यांमध्ये, त्याच ठशाचं दुसरं निघालं. शंभर वर्षं ज्याला खोटं म्हटलं तो माणूस खरा निघाला!

तळटीप:
तुमचं उदाहरण माझी बाजू भक्कम करतं. डोमिशियन स्वीकारला गेला तो दुसरं नाणं मडक्यातून, अनेकांच्या डोळ्यांदेखत बाहेर आलं म्हणून. शिवाय ते ठशाने पाडलेलं, शेजारच्या सम्राटांच्या नाण्यांच्या शैलीत चपखल बसणारं. स्पॉन्सियनचं एक तरी नाणं शास्त्रीय उत्खननात, मातीच्या थरासकट सापडलंय का?

खडीसाखर:
वाचतेय. दोघांच्या वादात एक शक्यता राहून जातेय. नाणं प्राचीन असेल, पण सम्राटाचं नसेल.

आपल्याकडे हे भरपूर दिसतं. दक्षिण भारतात रोमन सुवर्णनाण्यांच्या प्राचीन नकला मिळतात. चेहरा ओळखू येतो, पण अक्षरं बिघडलेली, कारण करणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदकं मिळाली आहेत, गळ्यात घालायची. ती बनावट नाहीत, आणि रोमन टाकसाळीतलीही नाहीत. डाशियाच्या सीमेपलीकडे गॉथ होते, त्यांनीही रोमन सोन्याच्या नकला केल्या. झीज, माती, ओतकाम, उसनं चित्र, या सगळ्याचा मेळ त्यात बसू शकतो. मात्र एक अडचण मलाही सुटत नाही: नक्कल करणारा गॉर्डियनचं नाव बघून काढेल, पण कुणाच्याच नाण्यावर नसलेलं नाव कुठून आणेल?

सातवाहन:
म्हणूनच मी स्पॉन्सियन सोडायला तयार नाही. चेहरा गॉर्डियनचा आणि नाव भलतंच असं असतं तर नक्कल म्हटलं असतं.

तळटीप:
आणि म्हणूनच मला बनावट वाटते. हेरेउसच्या काळात सम्राटांची रांग पूर्ण करण्याची संग्राहकांना हौस होती. कुणाकडेच नसलेल्या सम्राटाला नुसत्या सोन्याच्या कितीतरी पट भाव मिळाला असता. सिद्ध झालेल्या जुन्या ओतीव बनावट नाण्यांवर हीच चाचणी करा आणि त्यांच्यावर सिलिकाचा थर दिसत नाही हे दाखवा. मग मी या धाग्यावर येऊन मत बदलीन.