मदत हवी आहे : डेरिव्हेशनची (सूत्र पायरीपायरीने काढून दाखवणारी) पानं मुलांना कशी वाचायला लावता?

एफवायबीएस्सीला मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फिजिकल केमिस्ट्रीचं पुस्तक वाचायला शिकवतो आहोत. आधी उपशीर्षकं, आकृत्या आणि प्रकरणामागचे प्रश्न चाळायचे, उपशीर्षकाचाच प्रश्न करायचा, तेवढाच भाग वाचायचा, मग पुस्तक मिटून उत्तर लिहायचं. (फ्रान्सिस रॉबिन्सन यांची १९४६ची एसक्यूथ्रीआर पद्धत.) पहिल्या वाचनात हायलायटर बंद, नाहीतर अख्खं पान पिवळं होतं.

घोडं अडतं डेरिव्हेशनपाशी. ओळी तोंडपाठ, पण एन्थाल्पी या ऊर्जेच्या राशीतला बदल म्हणजे शोषलेली उष्णता, हे म्हणताना दाब कुठल्या ओळीत स्थिर धरला, असं विचारलं की सगळे गप्प. प्रत्येक ओळीसमोर समासात ‘का?’चं उत्तर लिहून घ्यावं, की गृहीतकं आधीच वेगळी काढायला लावावीत? वर्गात करून पाहिलेलं कृपया सविस्तर सांगा.