मदत हवी आहे: रविवारी पहाटे रेवदंडा खाडीतून शिडाची होडी काढावी का?

मंडळी, शनिवारी मांडव्याहून खांदेरी-उंदेरीच्या बाहेरून रेवदंड्याला जायचंय, रविवारी परत. जाताना वायव्येचा खारा (समुद्रावरून जमिनीकडे येणारा) वारा पाठीशी, त्यामुळे काळजी नाही. खरी अडचण परतीची आहे. दुपारी तोच वारा तोंडावर येणार आणि इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अंदाजात रविवारी दुपारनंतर तो वाढताना दिसतोय. म्हणून पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावरच निघावं असं वाटतं.

पण रविवारी अमावस्या, म्हणजे उधाण. भरती बाराच्या सुमारास, तर पहाटे सहाला पूर्ण ओहोटी. आमची होडी पाण्याखाली सव्वा मीटर बुडते. खाडीच्या तोंडाशी कोर्लईच्या बाजूने तेव्हा तेवढं पाणी मिळेल का? की रात्री खाडीत न शिरता बाहेरच नांगर टाकावा? तिथे रात्री लाट कितपत लागते?

शिवाय थळसमोर सध्या डोलीची जाळी (समुद्रात एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) कुठवर आहेत? अंधारात त्यांच्यात शिरून कुणा कोळीबांधवाचं नुकसान मला मुळीच नकोय.

रेवदंडा, थळ, वरसोलीच्या जाणकारांनी कृपया शुक्रवारपर्यंत सांगा. सोबत दोन नवखी मुलं आहेत, धोका वाटला तर बेत सरळ पुढच्या आठवड्यावर ढकलेन.