उत्तर: पॉडकास्टवाली आणि बंद फाईल

या रहस्यकथेत पॉडकास्ट करणारी बाई वीस वर्षांपूर्वीचा खून उकलते, आणि हे पटत नाही, असं इथे कुणीतरी म्हटलंय. अहो, जवळपास तसंच घडलंय! ऑस्ट्रेलियात लिनेट डॉसन १९८२ मध्ये बेपत्ता झाली. २०१८ मध्ये तिच्यावरचा पॉडकास्ट गाजला, त्याच वर्षी नवऱ्याला अटक झाली, २०२२ मध्ये तो दोषी ठरला. गंमत म्हणजे, याच पॉडकास्टमुळे खटला निष्पक्ष होणार नाही, असं बचाव पक्षाने कोर्टात मांडलं होतं. खरा पेच तिथे आहे. लेखक मात्र नायिकेला रात्री एकटीलाच पडक्या वाड्यात पाठवतात.

आणि कथा पुण्यात घडते, तर साक्षीदार तरी पुणेरी हवेत. १९७६-७७ मध्ये पुणं हादरवणाऱ्या जोशी-अभ्यंकर खुनांचा विषय निघाला की आमची आजी आधी उठून दाराची कडी बघते, मग बोलते. माइकसमोर तिला बसवा!