होमबिल्ट विमानाच्या इंजिनाला सायलेन्सर बसवायचा आहे, जाणकारांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही तिघे मित्र दोन आसनी विमान बांधतो आहोत. सांगाडा झाला, इंजिन चढलं, आता इंजिन जमिनीवर चालवून बघायचं काम सुरू आहे. परवानगीची प्रक्रिया वेगळी चालू आहे, ती चर्चा या धाग्यावर नको अशी विनंती. अडलं आहे ते सायलेन्सरपाशी.

इंजिन फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावरून विमानासाठी बांधलेलं, २१८० सीसीचं. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणारं. गिअरबॉक्स नाही, ५४ इंची दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर थेट क्रॅंकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर. सध्या चार एक्झॉस्टना चार आखूड नळ्या आहेत, खाली तोंड केलेल्या. या इंजिनावर बरेच जण असंच उडतात आणि त्यात तथ्यही आहे: वजन कमी, बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या गॅसला होणारा उलटा दाब) जवळजवळ नाही, तुटायला फारसं काही नाही. पण आवाज सहन होत नाही. गाळ्यामागच्या भिंतीपलीकडे चाळ आहे. नियमाप्रमाणे औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल आणि निवासी भागात ५५ डेसिबल चालतात. आमचं इंजिन अर्ध्या थ्रॉटलवरच हे दोन्ही आकडे सहज ओलांडतं. चाळीतल्या कुणी अजून तक्रार केलेली नाही. उलट मुलं भिंतीवर चढून बघत बसतात. पण तिथे तान्ही बाळं आहेत, म्हातारी माणसं आहेत, परीक्षेला बसलेली मुलं आहेत. ज्यांच्या शेजारी विमान बांधायचं त्यांना त्रास देऊन ते बांधू नये, असं आम्हा तिघांनाही मनापासून वाटतं. चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये बीकेसीला ते सगळ्यांनी पाहिलं. मुंबईत हे काम शेजाऱ्यांच्या मायेवरच होतं.

आता मुद्द्याचं. पहिला प्रश्न, मुळात आवाज कशाचा? मोबाइलवर स्पेक्ट्रम काढून पाहिला, उलगडा झाला नाही, आणि होणारही नव्हता. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन फेऱ्याला दोनदा फायर होतं, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा. दोन पात्यांचा प्रोपेलरही थेट क्रॅंकवर असल्यामुळे सेकंदाला १०० वेळाच हवा कापतो. दोघांची मूळ वारंवारता एकच, १०० हर्ट्झ. गिअरबॉक्सवाल्या रोटॅक्स इंजिनामध्ये हे दोन आवाज वेगळे दिसले असते. आमच्या पात्याच्या टोकाचा वेग ३००० आरपीएमला सेकंदाला साधारण २१५ मीटर येतो, म्हणजे ध्वनिवेगाच्या ०.६२ पट. इतक्या वेगाला प्रोपेलर फार ओरडू नये, मुख्य दोषी एक्झॉस्टच असावा, असा माझा अंदाज. हा अंदाज पैसे खर्च करण्याआधी तपासायचा कसा?

दुसरं, एक सायलेन्सर की दोन? दोन्ही बाजूंना एकेक छोटा लावला तर नळ्यांची वळणं सोपी होतात. पण या इंजिनाची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-४-३-२. एक आणि दोन एका बाजूला, तीन आणि चार दुसऱ्या बाजूला. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन ठोके लागोपाठ, १८० अंशांवर, आणि मग ५४० अंशांची शांतता. असा लंगडा ठोका लहान डब्यात जिरवणं अवघड. चारही नळ्या एकाच आडव्या डब्यात आणल्या तर ठोके समान अंतरावर पडतात. माझा कल एकाच डब्याकडे आहे. इंजिनाखाली आडवा, १३० मिलिमीटर व्यासाचा, ४५० मिलिमीटर लांब, जवळपास सहा लिटरचा.

साध्या एक्स्पान्शन चेंबरचं सूत्र लावून हिशेब केला. ५०० अंशांच्या गॅसमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५५७ मीटर, म्हणून १०० हर्ट्झची पाव तरंगलांबी जवळजवळ १.४ मीटर. डबा पाव तरंगलांबीएवढा असला तर आवाज सर्वांत जास्त घटतो. इतका लांब डबा काउलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) बसणं शक्यच नाही. त्यामुळे ३८ मिलिमीटरच्या नळीला माझ्या डब्यातून १०० हर्ट्झवर नऊ-साडेनऊ डेसिबलची घट मिळते, पण ३०० हर्ट्झवर पंधराच्या आसपास. म्हणजे घुमणारा ठोका थोडा कमी होईल आणि कानात जाणारा कर्कश भाग बराच कमी होईल. कागदावर तरी हे पुरेसं वाटतं. आत काचेची लोकर भरलेला प्रकार नको असं ठरवलं आहे. ती लोकर जळत-उडत जाते आणि हळूहळू डबा पोकळ होतो.

बॅकप्रेशरची भीती खरी आहे. रोटॅक्स ९१२ च्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये टेकऑफ पॉवरला ०.२ बारची मर्यादा आहे. आमच्या इंजिनाला असा छापील आकडा माझ्या हातात नाही, आणि या इंजिनाचा नाजूक भाग म्हणजे हेड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. गरम गॅस अडला की पहिला मार तिथेच. म्हणून ०.२ हीच आमचीही वरची मर्यादा धरली आहे, त्याहून कमी आलं तर आनंदच.

सगळ्यात जास्त काळजी मात्र डबा टांगण्याची. स्टेनलेसची ६०० मिलिमीटरची नळी ६०० अंशांनी तापली तर सहा मिलिमीटर वाढते. चार नळ्या, चारही वेगवेगळ्या लांबीच्या, एका डब्याला घट्ट वेल्ड केल्या तर ही वाढ जाणार कुठे? शिवाय इंजिन रबरी माउंटवर हलतं. हेडच्या एक्झॉस्टचे स्टड एम-८ चे, त्यांच्यावर सगळं वजन लोंबकळत ठेवायला मन धजत नाही. बॉल जॉइंट (गोळा आणि वाटीचा सांधा) आणि स्प्रिंग वापरावेत की साधे स्लिप जॉइंट (नळीत सरकणारी नळी)? आधार फायरवॉलवरून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरून) घ्यावा, माउंटवरून की इंजिनावरून?

वजनाचं म्हणाल तर १८ गेजमध्ये, म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीत, डबा आणि नळ्या मिळून पाच किलोच्या आसपास. आखूड नळ्यांचं वजन वजा केलं तर चार किलोची भर. २९० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य त्याने साधारण ११ मिलिमीटर पुढे जातो. बॅटरी मागे सरकवून ते जमवता येईल.

कृपया सल्ला द्या. मुंबईत हे काम कोणत्या भागात चांगलं होतं हेही सांगा.

प्रतिसाद १

तुमचा हिशेब व्यवस्थित आहे. मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

आधार इंजिनावरूनच. फायरवॉल किंवा माउंटवरून अजिबात नको. डबा इंजिनाबरोबर हलला पाहिजे, नाहीतर रबराची सगळी हालचाल तुमच्या वेल्डवर येईल आणि तिथेच चीर पडेल. तुमचा क्रॅंककेस मॅग्नेशियमचा असेल, म्हणून ब्रॅकेटचा भार एकाच बोल्टावर न देता जास्त बोल्टांवर विभागा आणि ब्रॅकेटला तिरका टेकू द्या. डबा पट्ट्याने धरा, ब्रॅकेट डब्याला वेल्ड करू नका.

चारही नळ्यांना बॉल जॉइंट द्या. दोन बाजूंना दोन-दोन स्प्रिंग. बॉलला उष्णता सहन करणारी अँटी-सीझ पेस्ट लावा. स्प्रिंगच्या आतून सेफ्टी वायर ओवून ठेवा, म्हणजे तुटली तरी काउलमध्ये पडणार नाही. पोकळीत उष्णतारोधक सिलिकॉन भरलं तर स्प्रिंगची थरथर कमी होते आणि ती टिकते. रोटॅक्सवर हेच करतात.

आवाज अडवायला डब्याच्या आत आडवे पत्रे टाकतात, त्यांचा विचार फार जपून करा. एक्झॉस्टमुळे होणारा पॉवर लॉस बऱ्याचदा असाच होतो. आतला पत्रा सुटतो, बाहेर जायच्या तोंडावर बसतो आणि टेकऑफलाच इंजिन गुदमरतं. पत्रा टाकलाच तर चहूबाजूंनी पूर्ण वेल्ड, टॅक मारून सोडू नका. आणि बाहेर पडणाऱ्या नळीला आत एक जाड सळई आडवी घाला, म्हणजे काही सुटलं तरी तोंड बंद होणार नाही.

एक सूचना गाळ्यातल्या सगळ्यांसाठी. गरम होणाऱ्या स्टेनलेसवर शिसपेन्सिलने खुणा करू नका. ग्रॅफाइटचा कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि त्या रेघेवरच चीर जाते. मार्कर वापरा.

प्रतिसाद २

दादा, माझं कुर्ल्याला बाइकच्या एक्झॉस्टचं काम आहे. विमानाचं कधी केलं नाही, पण पत्रा आणि वेल्डिंग रोजचं.

माल घेताना सांभाळा. किका स्ट्रीट, गुलालवाडीला नळी मिळेल, पण ३०४ जातीचं स्टेनलेस म्हणून हलकं २०२ हातात देणारेही असतात. चुंबकाने फरक कळत नाही, दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. ज्यांच्याकडे धातूत काय काय आहे ते सांगणारी तपासणीची गन असते अशा लॅबमध्ये तुकडा दाखवून घ्या, खर्च फार नाही. ३२१ मिळाली तर तीच घ्या. साध्या ३०४ ला ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ ठेवलं तर क्रोमियम कणांच्या कडांवर कार्बाइड होऊन बसतं आणि मग त्या कडाच गंजतात. तुमचा एक्झॉस्ट नेमका त्याच तापमानात राहणार, वर आपली खारी हवा. ३२१ ला वेल्डिंगची काडी ३४७ ची वापरायची, कारण ३२१ मधलं टायटॅनियम आर्कमध्ये जळून जातं.

अर्गनवाल्याला (अर्गन गॅस सोडून वेल्डिंग करणाऱ्याला) सांगा की नळीच्या आतूनही अर्गन सोड. बरेच जण ते करत नाहीत. मग वेल्ड बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि आतून काळा, खडबडीत असतो. चीर तिथूनच सुरू होते. तुकड्यावर नमुना करून घ्या, मधून कापून बघा, मगच काम द्या.

आवाज कुठला ते तपासायचं असेल तर सोपं आहे. भंगारातून कुठल्याही गाडीचा मोठा सायलेन्सर आणा, जमिनीवर स्टँडवर ठेवा, चार नळ्यांना लवचिक नळ्या जोडून त्यात सोडा आणि कमी आरपीएमवर थोडा वेळच चालवा. प्रोपेलर तोच, एक्झॉस्ट बंदिस्त. आवाज पडला तर तुमचा अंदाज बरोबर.

मूळ लेखक

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. शिसपेन्सिलचं आम्हाला ठाऊक नव्हतं. आजच हत्यारांच्या डब्यातल्या सगळ्या पेन्सिली बाहेर काढल्या. भंगारातल्या सायलेन्सरची कल्पना या रविवारी करून बघतो.

बॅकप्रेशर मोजण्याबद्दल एक विचारायचं आहे. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी यू आकारात भिंतीला लावून पाण्याने मोजता येईल का? ०.२ बार म्हणजे दोन मीटर पाणी, गाळ्याची उंची तेवढी आहे.

प्रतिसाद १

येईल. एक्झॉस्टपासून ७० मिलिमीटरवर तांब्याची बारीक नळी बसवा. ती मीटरभर तरी लांब ठेवा, गॅस थंड होऊन पुढे प्लास्टिकला जाईल. पाऱ्याचा मॅनोमीटर कुणी देऊ केला तर घेऊ नका, पारा अॅल्युमिनियमला खातो. त्याला विमानाच्या आसपासही आणू नये.

पूर्ण जोडल्यावर व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड एक्झॉस्टला लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बॉल जॉइंटवर थोडे बुडबुडे चालतील, वेल्डवर एकही नको. पहिल्या तासानंतर काउल काढून पाहा, नंतर दर २५ तासांनी. करडे किंवा काळे ओघळ दिसले की तिथे गळती आहे असं समजा.

प्रतिसाद ३

एक राहिलंय. या इंजिनांचा कार्ब्युरेटर बहुधा खाली, मागच्या बाजूला असतो. तुमचा डबाही खालीच. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलची वाफ लवकर होते आणि मे महिन्यात तुमच्या काउलखाली काय तापमान असेल याचा विचार करा. डबा आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पत्र्याची ढाल हवीच, दोन्ही बाजूंना हवा खेळती ठेवून. इंधनाची नळी आणि तेलाचा ओघळ डब्यावर कधीही येऊ शकणार नाहीत हे पाहा.

आणि मुंबईच्या हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होतो, यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. पावसाळ्यात २५-२८ अंश आणि दमट हवा, थ्रॉटल कमी करून खाली येताना हमखास. आखूड नळ्यांवर कार्ब हीटची, म्हणजे बर्फ वितळवायला कार्ब्युरेटरला द्यायची, गरम हवा घ्यायला जागा कमी असते. डब्याभोवती पत्र्याचं वेष्टण घालून तिथून घेतली तर तुमचा हा प्रश्न सायलेन्सरनेच सुटतो. ती हवा फक्त कार्ब्युरेटरला द्या, केबिनला नको. आपल्याकडे केबिन हीटर लागतच नाही, मग डब्याला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये आणणारी वाट कशाला ठेवायची? तरीही बॅटरीवरचा गजर करणारा डिटेक्टर डॅशवर लावाच.

मूळ लेखक

ताई, कार्ब्युरेटर खालीच आहे, डब्यापासून जेमतेम हातभर. वेष्टणाची कल्पना फार पटली. तुम्हा सगळ्यांमुळे ठरलं ते असं: एकच आडवा डबा, ३२१ मध्ये. नळ्या २० गेजच्या, डबा १८ गेजचा, म्हणजे वजन थोडं उतरेल. चार बॉल जॉइंट, आधार क्रॅंककेसवरून, आत आडवे पत्रे नाहीत, बाहेरच्या नळीत सळई. डब्याभोवती कार्ब हीटचं वेष्टण काढता येईल असं, म्हणजे तपासणीला अडचण नको.

आता फक्त बॉल जॉइंट उरले. लेथवर वळवून घ्यायचे झाले तर गोल भाग आणि त्याची वाटी यांत किती फट ठेवावी आणि दोन्हींचा धातू एकच चालेल का? एकाच धातूचे भाग गरम झाल्यावर एकमेकांना धरून बसतात असं लेथवाला म्हणतो. कुणी करून घेतले असतील तर कृपया लिहा.