नोकरी सांभाळून रोजचं लिखाण टिकवायचं कसं?

निळी_शाई
एका ॲपवर माझी कादंबरी क्रमशः चालू आहे, आठवड्याला दोन भाग, एकेक साधारण १५०० शब्दांचा, आणि दिवसभर नोकरी. मार्चमध्ये सुरू केलं तेव्हा बारा भाग हाताशी होते, आता एकही नाही, बुधवारचा भाग मंगळवारी रात्री एक वाजता संपतो. त्यात तीन दिवाळी अंकांना कथा कबूल करून बसलेय, जुलैअखेर द्यायच्यात. लॅपटॉप उघडला की आधीचा भाग वाचते, इथे शब्द बदल, तिथे वाक्य फिरव, तासाभराने बघावं तर नवीन एकच परिच्छेद. सुचत नाही असं नाही हो, पुढचं सगळं डोक्यात तयार आहे, कागदावर उतरत नाही. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांनी प्लीज सांगा, तुम्ही नेमकं काय करता?

खिडकीची_जागा
ताई, मी डोंबिवली ते सीएसएमटी स्लो लोकलने जातो, तेवढ्या वेळातच मोबाइलवर लिहितो. बसायला मिळालं तर टाइप करायचं, नाहीतर उभ्याउभ्या पुढचा संवाद घोळवायचा. एक करून बघा, प्रसंग संपवून थांबू नका. परवा माझी नायिका कडी काढते तिथे मशीद स्टेशन आलं, खाली एवढंच टिपून ठेवलं, 'आत दीर बसलाय, हातात तिचंच पासबुक', आणि फोन खिशात. दुसऱ्या दिवशी गाडीत चढल्यावर काय लिहू हा प्रश्नच नव्हता.
एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टातली नोकरी सांभाळून लिहायचे, पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. वेळेवर उठवावं म्हणून नोकराला वर्षाला ५ पौंड जादा द्यायचे, आत्मचरित्रात त्यांनीच सांगितलंय. आदल्या दिवसाचं तेही वाचायचे, पण अर्धा तास, मग पुढे. तुमचा तो अर्धा तास रात्रभर चालतोय असं वाटतं.

संवादवाली
मी मालिकेचे संवाद लिहिते. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, टायटल्समध्ये बघा, वेगवेगळी नावं असतात. ते उगाच नाही, रोज एपिसोड जायचा असतो. तू एका बैठकीत तिन्ही कामं करतेयस, वर एडिटिंग पण. रविवारी फक्त दोन्ही भागांची वन-लाइन काढ, कोण कुठे येतं, काय कळतं, भाग कुठे तुटतो, बास. बाकीचे दिवस नुसतं लिही. दुरुस्तीला वेगळा दिवस ठेव, त्या दिवशी नवीन शब्द नाही.

आजोळ
वरचं सगळं पटलं, पण मला काळजी वेगळी वाटते. तीनपैकी एका संपादकांना आजच फोन करून नाही म्हणा. आत्ता सांगितलंत तर त्यांना दुसरी कथा मिळवायला वेळ असतो, २९ जुलैला सांगितलंत तर अंकाची पानं अडतात. मी एका वर्षी पाच अंकांना पाच कथा दिल्या, त्यातल्या दोन कथांचा शेवट एकच, म्हातारी गावाकडचं घर विकायला नकार देते. एका वाचकाने पत्र लिहून दाखवलं, ते पत्र अजून कपाटात आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं वर्षच दिवाळीभोवती फिरतं, सगळे जून-जुलैत लिहायला बसतात. मी आता डिसेंबर-जानेवारीतच लिहिते, कुणी मागितलेली नसते, घाई नसते, मे महिन्यात काढून वाचली की खोटं लगेच दिसतं. आणि हो, ॲपवर पंधरा दिवस सुट्टी जाहीर करा, चार भाग साठवा, वाचक थांबतात.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. संवादवाली, काल वन-लाइन काढली तेव्हा कळलं की दोन भागांत मिळून माझ्याकडे खरी घटना एकच होती, म्हणून मी जुनी वाक्यं फिरवत बसत होते. आजोळताई, एका संपादकांना फोन केला, म्हणाले बरं झालं आत्ता सांगितलंत. सुट्टीची सूचना आज रात्री टाकते.